राज्य गार्डकाकांवर

माझ्या कामात भिण्यासारखं काय आहे, असं लोकांना वाटतं. वृद्धनिवासातल्या म्हाताऱ्या माणसांना खेळवायचं, हसवायचं, त्यांची दुपार पुढे ढकलायची. माझा नवरा तर आल्यागेल्याला सांगतो, "आमच्या हिला खेळायचा पगार मिळतो." मीही हसते. पण रोज सकाळी त्या काचेच्या दारातून आत शिरताना मला भीती वाटते, ती काही त्याला दिसत नाही. चेंडू झेलायला सांगितला आणि कुणाचा खांदा निखळला तर? एखादं जुनं गाणं लावलं आणि ते ऐकून कुणी रडायला लागलं आणि थांबलंच नाही तर? सिस्टरच्या हातून काही चुकलं तर ती औषधाची चूक म्हणतील. माझ्या हातून चुकलं तर म्हणतील, हिने खेळता खेळता माणूस मारला.

मी मुळातच भित्री आहे, त्यामुळे माझं आठवड्याचं वेळापत्रकही भित्रंच असायचं. सोमवारी खुर्चीतला व्यायाम, मंगळवारी कुंड्यांना पाणी, बुधवारी फोटो बघून आठवणी सांगणे, गुरुवारी लोकरीचे गोळे रंगाप्रमाणे वेगळे करणे. कुणी पडणार नाही, कुणाला लागणार नाही, कुणी जागचं हलणारही नाही. सगळे मुकाट्याने करायचे आणि करता करता पेंगायचे.

एका गुरुवारी शिवणकाकूंनी लोकरीचा गोळा माझ्या मांडीवर आणून ठेवला. या काकूंनी जन्मभर कपडे शिवले. स्वतःचं दुकान चालवून मुलीला एकटीने वाढवलं. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण माझ्या ब्लाउजची बाही कुठे ओढते ते दारातूनच सांगतात. अंगाने चिमणीएवढ्या. त्या म्हणाल्या, "खेळताई, हा लाल, हा हिरवा, आम्हाला दिसतंय. बालवाडी पुरे झाली. काहीतरी चोरीचं खेळू या."

"चोरीचं म्हणजे?"

"लपंडाव."

मी नाही म्हणणार होते. पण पेंगणाऱ्या सगळ्या माना एकदम वर झाल्या होत्या. ते बघितलं आणि मी मोहात पडले.

मग आम्ही आमचा लपंडाव बसवला. फक्त तळमजल्यावर लपायचं. न्हाणीघरात जायचं नाही. ज्यांना खुर्चीतून उठता येत नाही त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला की ते लपले असं मानायचं. आणि राज्य नेहमी गार्डकाकांवर. हे रेल्वेत गार्ड होते; अर्धांगाच्या झटक्यापासून चाकाच्या खुर्चीत असतात. ते डोळे मिटून शंभरापर्यंत मोजायचे, अगदी सावकाश, गाडी सोडायची असल्यासारखे. नव्वदीच्या आसपास हमखास त्यांचा डोळा लागायचा. मग मी पितळी घंटा वाजवायची, "डाव संपला," म्हणायचं आणि सगळे टॉवेल काढून हसत जेवायला यायचे. कुणी कुणाला शोधलं नाही हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मला वाटलं, मी मोठी हुशारी केली.

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आंघोळीला नको म्हणणाऱ्याला आम्ही म्हणतो, "चला, जरा बागेत फिरून येऊ," आणि ती बाग थेट न्हाणीघरात निघते. गोळी नको म्हणणाऱ्याला सांगतो की ही गोळी नव्हेच, चॉकलेट आहे. मुलं कधी येणार असं कुणी विचारलं की म्हणायचं, वाटेत आहेत. सिस्टर याला गोड बोलणं म्हणते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. शिवणकाकू रोज सकाळी मला विचारायच्या, "मुलगी वाटेत आहे ना?" आणि मी म्हणायचे, "निघालीच आहे." मुलगी परगावी नोकरीला. रोज दुपारी जेवणानंतर न चुकता फोन करायची, पण तिची वाट काही वर्षभर संपली नव्हती.

गेल्या आठवड्यात तर मी घंटाही गोड वाजवली. लस टोचायला डॉक्टर आले होते आणि त्यांना घाई होती. डाव नुकता सुरू झाला होता. मी घंटा वाजवली, सगळे हसत हॉलमध्ये आले, आणि आम्ही पटापट बाह्या वर सरकवल्या. एकालाही पळायला मिळालं नाही. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. शिवणकाकू तेवढ्या दंड चोळत माझ्याकडे बघत राहिल्या.

आणि परवा तळघरातल्या स्वयंपाकघरातून जेवण वर आणणारी छोटी लिफ्ट अडकली. दुपारचं जेवण आत आणि लिफ्ट अधांतरी. दुरुस्तीवाला आला, त्याच्या पिशव्या, शिडी, वायरी आत घ्यायच्या म्हणून पहारेकऱ्याने पुढच्या दाराला वीट लावून ठेवली. हॉलमध्ये सगळे भुकेने कुरकुरायला लागले. चमचे आपटायला सुरुवात झाली, तेव्हा मी म्हटलं, "जेवण येईपर्यंत एक डाव होऊन जाऊ दे."

गार्डकाकांनी डोळे मिटले. टॉवेल डोक्यावर चढले. काठ्यांचा खडखडाट झाला आणि हॉल शांत झाला. काका मोजायला लागले आणि नेहमीसारखे नव्वदीत झोपले. तेवढ्यात लिफ्ट खडखडत सुरू झाली, जेवणाचा वास आला, आणि मी घंटा वाजवली. सगळे आले. सिस्टर ताटं वाटायला लागली आणि शिवणकाकूंच्या खुर्चीपाशी थांबली.

"काकू कुठे आहेत?"

"येतील. लपल्यात अजून."

सिस्टरने हातातलं ताट खाली ठेवलं. "ताई, मी त्यांना इंजेक्शन दिलंय. जेवण येतंय म्हणाले म्हणून आधीच दिलं. लिफ्ट अडकायच्या आधी."

काकूंना साखर आहे. जेवणाच्या तोंडावर त्यांना पोटात इंजेक्शन देतात, आणि ते दिलं की जेवण पोटात जायलाच हवं. नाही गेलं तर रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम, मग हातांना कापरं, मग असंबद्ध बोलणं, मग झोप. त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही. हे मला नोकरीला लागले त्या आठवड्यातच शिकवलं होतं.  मी त्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"काकू," मी हाक मारली. "डाव संपला. या बाहेर."

ओ नाही. मी घंटा पुन्हा वाजवली, जोरात, मग आणखी जोरात. जेवणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

आम्ही शोधायला लागलो. सोफ्यामागे, पडद्यांमागे, औषधांच्या खोलीत, न्हाणीघरात. प्रत्येक पलंगाखाली मी गुडघे टेकून पाहिलं. बोळाच्या टोकाला चादरी-घोंगड्यांचं भिंतीतलं कपाट आहे, तेही उघडलं. खालपासून वरपर्यंत घोंगड्यांच्या घड्या, कडेला कड लावून रचलेल्या. इतकं नीट आमच्याकडे कोण ठेवतं, असा विचारही मनात येऊन गेला, पण थांबायला वेळ कुठे होता? दार लावून मी पुढे पळाले.

आणि मग मला पुढचं दार दिसलं. वीट लावलेलं, सताड उघडं.

 पहारेकरी दुरुस्तीवाल्याची शिडी धरून उभा होता. "काकू बाहेर गेल्या का?" तो म्हणाला, "मी कसा बघणार? मी इकडे होतो."  मी तशीच रस्त्यावर धावले. भर दुपारचं ऊन, गाड्या एकामागून एक सुटलेल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं, बसथांब्यावरच्या बायकांना विचारलं, निळं पातळ, पांढरे केस, इतक्याशा. सगळ्यांनी माना हलवल्या. नाल्याच्या कठड्यावरून मी खाली वाकून पाहिलं. खाली निळा कपडा तरंगत होता.  मग नीट पाहिलं तर ती प्लास्टिकची पिशवी होती. मी कठड्याला धरून खाली बसले आणि मोठ्याने रडले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत म्हटलं.

परत आले तेव्हा सिस्टरने दवाखान्यात आणि पोलिसांना कळवलं होतं. ती पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती. मी विचारलं, "अजून किती वेळ आहे?" ती म्हणाली, "मला विचारू नका." तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आमच्या दोघींच्यानेही तो उचलवेना. रोज या वेळी कुणाचा फोन येतो ते दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी मी उचलला.

"ताई, आई जेवली का?" काकूंची मुलगी.

जीभ सवयीने चालली. "त्या ना, खेळात रंगल्यात अगदी."

"आई? खेळतेय? काय खेळतेय?"

"लपंडाव."

 मग ती हसली, अगदी मनापासून. "अरे देवा. मग गेलं तुमचं जेवण. लहानपणी मी दुकानात कंटाळले की आई माझ्याशी लपंडाव खेळायची. मी रडकुंडीला यायचे, पण ती काही बाहेर यायची नाही. मावशी हाका मारायची, गिऱ्हाईक हाका मारायचं, ही कुणाला ओ देईल तर शपथ. ज्याच्यावर राज्य आहे त्यानेच शोधायला यायचं, म्हणायची. बाकीचे फसवून बाहेर काढतात, म्हणे. आणि मी जवळून गेले की मागून धप्पा. राज्य परत माझ्यावरच."

"मी तुम्हाला नंतर फोन करते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

काकू बाहेर गेल्याच नव्हत्या. त्या आतच होत्या, माझी हाक ऐकत होत्या, घंटा ऐकत होत्या, आणि आमच्यावर विश्वास ठेवत नव्हत्या. का ठेवावा? घंटा वाजली म्हणून बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या दंडात सुई टोचवली होती. ती सुई त्यांना आठवत नसेलही, पण फसल्याचं मनात राहिलं असणार. आता राज्य ज्याच्यावर होतं तो माणूस आला असता तरच त्या हलल्या असत्या. आणि तो माणूस हॉलमध्ये हनुवटी छातीला टेकवून घोरत होता.

मी गार्डकाकांना गदागदा हलवलं. "काका, उठा. राज्य तुमच्यावर आहे. शिवणकाकूंना शोधायचंय."

काकांनी डोळे उघडले. लाल डोळे, गालावर लाळेचा ओघळ. त्यांनी माझ्याकडे, मग भिंतीकडे पाहिलं. "कुठपर्यंत आलो होतो?"

"झालं मोजून. शंभर झाले."

"नाही झाले," काका म्हणाले. "मला ठाऊक आहे, झाले नाहीत. अपुरं मोजून मी निघत नाही." आणि त्यांनी डोळे मिटले. "एक. दोन."

मी खुर्ची ढकलायला गेले तर त्यांनी चांगल्या हाताने चाकाला ब्रेक लावला. मी तो सोडवायला गेले तर माझ्या बोटांवर काठी मारली. सिस्टर म्हणाली, "मोजू द्या. ओढून नेलंत तर ते एक अक्षर बोलायचे नाहीत." खरंच होतं ते. काका रुसले की दोन दोन दिवस तोंड उघडत नाहीत.

आयुष्यात मी इतकी कधी भ्यायले नाही. गार्डकाका पंचवीसवर थांबून खोकले. चाळीसवर त्यांनी पाणी मागितलं. मी घाईने भांडं त्यांच्या ओठांशी धरलं, तर अर्धं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. त्यांनी ते सावकाश पुसलं आणि मला विचारलं, "चाळीस ना?" मी म्हटलं, "हो, चाळीस." त्या घटकेला पन्नास म्हणण्याचा किती मोह झाला, काय सांगू. पण नाही म्हटलं मी. एकेका आकड्याला काकूंच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता.  हॉलमध्ये जेवणाऱ्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण सत्तरपासून तेही काकांबरोबर पुटपुटायला लागले. नव्वदीत काकांची मान कलली.  "काका," मी म्हटलं. मान वर आली. "एक्क्याण्णव," काका म्हणाले.

शंभर झाले आणि त्यांनी ब्रेक काढला. "चला. आधी डावीकडे."

मी खुर्ची ढकलत होते. काका प्रत्येक दारापाशी थांबायला लावायचे, काठीने चौकट ठोकायचे आणि गाडी सुटताना ओरडायचे तसे ओरडायचे, "राज्य माझ्यावर आहे. येतोय मी." मग कान देऊन ऐकायचे. औषधांची खोली. काही नाही. न्हाणीघर. काही नाही. सिस्टर मागून साखरेच्या पाण्याचं भांडं धरून येत होती. तिच्या चमच्याची किणकिण थांबत नव्हती. बोळ संपत आला तसं मला ब्रह्मांड आठवायला लागलं. मुलीने सांगितलं ते तिच्या लहानपणचं. आता काकूंना काल काय झालं ते आठवत नाही, मग हा हट्ट आठवेल का? आणि आठवलाच, तरी हात उचलायची ताकद उरली असेल का?

चादरींच्या कपाटापाशी काकांनी काठी ठोकली. "येतोय मी." मी दार उघडलं. त्याच घड्या, कडेला कड. "इथे कुणी नाही," काका म्हणाले. "फिरवा गाडी." मी खुर्ची फिरवली. काकांची पाठ कपाटाकडे झाली.

मागे काहीतरी घसरलं. एक घोंगडी जमिनीवर पडली, मग दुसरी. खालच्या फळीवरून एक हात बाहेर आला, पांढरा, ओलाचिंब, बोटं थरथरत होती. तो पुढे आला, मागे पडला, पुन्हा पुढे आला आणि काकांच्या खुर्चीच्या पाठीला टेकला.

"धप्पा," आतून आवाज आला. तो आवाज होता म्हणायचा, इतकंच.

घोंगड्या बाजूला करून आम्ही काकूंना बाहेर काढलं. त्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि पुढे घड्यांची भिंत रचली होती. जन्मभर ज्यांनी कापडाच्या घड्या घातल्या त्यांनाच ते जमायचं. अंग घामाने निथळत होतं. नजर कुठेच ठरत नव्हती. सिस्टरने बोट टोचून साखर पाहिली आणि मला फक्त म्हणाली, "लवकर." तिने भांडं ओठांना लावलं. काकूंनी दात घट्ट आवळले आणि तोंड फिरवलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"काकू, प्या ना. नुसतं पाणी आहे," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या धूसर नजरेतही मला ती ओळख दिसली, घंटा वाजवणाऱ्या बाईची. दात आणखी आवळले गेले. डोळे मिटायला लागले. जबरदस्तीने ओतलं असतं तर श्वासनलिकेत गेलं असतं. दवाखान्याची गाडी अजून आली नव्हती.

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काकू, नुसतं पाणी नाही. साखर आहे त्यात. तुम्हाला इंजेक्शन दिलंय आणि तुम्ही जेवला नाहीत. हे प्यायला नाहीत तर तुम्ही मराल. मला खूप भीती वाटतेय."

डोळे उघडले. काकूंनी माझं तोंड नीट न्याहाळलं, उसवलेली शिवण बघावी तसं.  मग त्यांचे ओठ सुटले आणि त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. भांडं संपेपर्यंत मी त्यांचा चेहरा सोडला नाही.

हळूहळू बोटांची थरथर थांबली. गालांवर रंग आला. काकांकडे कुणी लक्ष देत नव्हतं. ते आपले म्हणत होते, "धप्पा बसला. परत राज्य माझ्यावर." दवाखान्याची गाडी आली तेव्हा काकू भिंतीला टेकून मऊ भात खात होत्या आणि डॉक्टरांना, "तुमचा खिसा उलटा शिवलाय," म्हणून सांगत होत्या. डॉक्टरांनी तपासलं. रात्रभर लक्ष ठेवा म्हणाले आणि गेले.

मी तिथेच बसून होते. 

"खेळताई," काकूंनी विचारलं, "मुलगी वाटेत आहे ना?"

'निघालीच आहे' हे शब्द जिभेवर आले. आले आणि तिथेच थांबले.

"नाही काकू," मी म्हटलं. "ती निघालेली नाही. आज येणार नाही. तिला सुट्टी कधी मिळेल ते मला ठाऊक नाही."

काकूंनी घास गिळला. चेहऱ्यावर काय आलं आणि गेलं ते मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "फोन केला होता?"

"हो."

"काय सांगितलंत तिला?"

"तुम्ही खेळात रंगल्यात म्हणून."

काकूंनी ताट बाजूला सारलं. "मग आता खरं सांगा. लावा फोन."

 नोकरी जाईल, हे पहिल्यांदा तेव्हा मनात आलं. पोलीस, चौकशी, सगळं एकामागून एक दिसायला लागलं. सिस्टरने डोळ्यांनीच मला खुणावलं, नको. तरी मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती आणि मी एखादं गोड वाक्य शोधत होते. मला अशी वाक्यं सहज सुचतात, तो तर माझा धंदाच. काकू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हॅलो? ताई? सापडली का आई?" मुलगी हसतच म्हणाली.

"सापडल्या," मी म्हटलं. "आता त्या बऱ्या आहेत. पण आज तुमची आई माझ्या हातून जात होती."